काटकसर करूनही कर्ज का फिटत नाही? घरच्या कर्जाचा साधा हिशेब, वहीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

सोयाबीनची रास झाली, माल आडतीवर गेला, पट्टी हातात आली. आठ दिवसांनी खिशात हात घातला तर शंभराच्या चार नोटा. पैसे गेले कुठे, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. थोडे दुकानदाराला दिले, थोडे गटाच्या हप्त्याला गेले, थोडे पाहुण्याच्या लग्नात. सावकाराला व्याज दिले, पण मुद्दल जिथल्या तिथे. औसा असो की निलंगा, उदगीर असो की अहमदपूर, दिवाळीनंतर हे चित्र बऱ्याच घरांत दिसते.

अशा घरांत लोक उधळे असतात असे नाही. उलट काटकसर चालूच असते. बाई नवी साडी घेत नाही, म्हातारा माणूस गोळ्या एक दिवसाआड घेतो. तरी कर्ज हलत नाही. कारण वाचवलेला पैसा कुठे जायचा हे ठरलेले नसते. ठरलेले नसले की तो घरखर्चातच मुरतो. त्यामुळे काटकसर कशी करायची यासोबतच वाचलेला रुपया कुठल्या कर्जात, कधी आणि कसा भरायचा, तेही या लेखात बघू.

आधी सगळे कर्ज एका पानावर

लेकराची जुनी वही घ्या. संध्याकाळी जेवणानंतर नवरा-बायको, कमावता मुलगा, सगळे एकत्र बसा. घरात कुणी कुणापासून कर्ज लपवले असेल तर ते या बैठकीत बाहेर येऊ द्या. नवऱ्याला माहीत नसलेला बायकोचा गट आणि बायकोला माहीत नसलेली नवऱ्याची उचल, या दोन गोष्टींनी बऱ्याच घरांचा हिशेब बिघडतो. त्या दिवशी भांडण नको, फक्त आकडे लिहा.

प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहायच्या: कुणाचे, बाकी किती, व्याज किती, आणि तारीख कुठली.

समजण्यासाठी एक नमुन्याचे घर धरू. पाच माणसे, अडीच एकर कोरडवाहू, एक म्हैस आणि जमेल तशी मजुरी.

- गावातला खासगी सावकार: २०,००० रुपये, शेकडा ५. महिन्याला १,००० रुपये नुसते व्याज.
- गटाचे मायक्रोफायनान्स कर्ज: बाकी ४०,०००, व्याज वर्षाला २४ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे २,७००, अजून दीड वर्ष.
- सोने तारण: ३०,०००, वर्षाला १८ टक्के. महिन्याला ४५० व्याज.
- सोसायटीचे पीक कर्ज: ६०,०००.
- किराणा दुकानाची बाकी: ८,०००.

एकूण १ लाख ५८ हजार. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण एकदा लिहिला की निदान तो किती आहे हे तरी कळते.

व्याज एकाच मापाने मोजा

गावात व्याज ‘शेकडा’ने बोलतात आणि बँक ‘टक्क्या’ने. म्हणून गोंधळ होतो. शेकडा २ म्हणजे महिन्याला शंभरामागे दोन रुपये, म्हणजे वर्षाला २४ टक्के. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. ऐकायला ‘पाच रुपये’ लहान वाटतात, पण वीस महिने नुसते व्याज भरले की मुद्दलाएवढी रक्कम देऊन झालेली असते आणि मुद्दल तसेच उभे असते.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे सरसकट व्याज. समजा १२,००० रुपये घेतले, मुदत बारा महिने, व्याज १२ टक्के सरसकट. म्हणजे दरमहा १,००० मुद्दल आणि १२० व्याज. दर महिन्याला तुमच्याकडचे मुद्दल कमी होत जाते, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वरच लागते. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून कर्ज घेताना एकच प्रश्न विचारा: “व्याज घटत्या बाकीवर आहे का सरसकट?”

आधी कुठले फेडायचे?

बहुतेक घरांत जो जास्त तगादा लावतो त्याला आधी पैसे मिळतात. ही सवय महागात पडते. नियम साधा ठेवा: सगळ्यांचे ठरलेले हप्ते वेळेवर द्या, आणि वर वाचलेला प्रत्येक रुपया सगळ्यात जास्त व्याजाच्या कर्जात टाका.

आपल्या नमुन्याच्या घरात तो सावकार. हे घर महिन्याला १,००० व्याज देतेच आहे. काटकसरीतून आणखी २,००० उभे केले आणि दरमहा ३,००० दिले, तर पहिल्या महिन्यात १,००० व्याजात जातात आणि २,००० मुद्दलातून कमी होतात. बाकी १८,०००. दुसऱ्या महिन्याचे व्याज ९००, मग बाकी १५,९००. असे करत नवव्या महिन्यात खाते बंद होते. एकूण व्याज गेले सुमारे ५,०००. तेच नुसते व्याज भरत राहिले असते तर नऊ महिन्यांत ९,००० गेले असते आणि २० हजार मुद्दल अजून डोक्यावर असते.

मुद्दल तुकड्यातुकड्याने घ्यायला सावकार तयार नसेल तर दरमहाचे २,००० बँकेत किंवा पोस्टात आवर्ती ठेवीत टाका आणि रक्कम जमली की एकदम द्या. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती किंवा वहीत सही घ्या, आणि शेवटच्या दिवशी कोरा चेक, कोरा स्टँप, जे दिले असेल ते परत घ्या.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. सावकार संपला की महिन्याला ३,००० रुपये मोकळे होतात. इथेच घर घसरते. ‘आता जरा सुटलो’ म्हणून नवा मोबाईल हप्त्यावर येतो. तसे न करता तेच ३,००० पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या नंबरच्या कर्जात, म्हणजे मायक्रोफायनान्समध्ये टाका. तोवर तिथली बाकी २२ हजारांच्या आत आलेली असते. २,७०० चा हप्ता आणि वरचे ३,००० मिळून ते चारेक महिन्यांत जवळपास संपते. मग हे सगळे पैसे सोने तारणाकडे वळवले की पाच-सहा महिन्यांत दागिना घरी येतो. साधारण दीड वर्षाच्या थोडे पुढे तिन्ही महागडी कर्जे मिटतात, तीही महिन्याला फक्त २,००० जास्तीचे काढून.

पीक कर्जाची गोष्ट वेगळी

पीक कर्ज व्याजाने सगळ्यात स्वस्त, म्हणून ते मागे टाकू नका. ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते. तारीख चुकली की ही सवलत जाते, खाते थकीत होते, पुढच्या हंगामाला नवे कर्ज मिळत नाही, आणि मग खता-बियाण्यासाठी पुन्हा सावकाराचेच दार. म्हणून पीक कर्जासाठी दर बघू नका, तारीख बघा. सोसायटीच्या सचिवाकडून किंवा बँकेतून शेवटची तारीख विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कर्जमाफीच्या आशेवर थांबण्याचा मोह होतो. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने कर्जमाफी दिली हे खरे. पण ती शेतीच्या संस्थात्मक कर्जाला होती. मायक्रोफायनान्सचा हप्ता, हातउसने, दुकानाची बाकी त्यात बसत नव्हती. घरात जे कर्ज सर्वात जास्त खाते, ते आपल्यालाच फेडायचे आहे.

दोन हजार रुपये कुठून काढायचे?

मोठे काही सोडायचे नाही. रोज हातातून निसटणारे चार-पाच खर्च धरायचे.

तालुक्याच्या चकरा: गावापासून तालुका वीस किलोमीटर असेल तर मोटारसायकलवर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात. पेट्रोल धरले तर एका चकरेला ऐंशीच्या आसपास रुपये. एक दिवस बँक, एक दिवस खत, एक दिवस झेरॉक्स, अशा महिन्याला बारा चकरा होतात. कामांची यादी करून बाजाराच्या दिवशी एकदम करा. सात चकरा वाचल्या तर साडेपाचशे रुपये. बाईमाणसाला एसटीत अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. बँकेचे काम बायकोच्या नावावर असेल तर गाडी काढायची गरजच नाही.

पुडी आणि हॉटेलचा चहा: तंबाखू, पुडी, कट्ट्यावरचा चहा मिळून दिवसाला तीस रुपये म्हणजे महिन्याला ९००. एकदम सुटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण अर्ध्यावर आणले तरी ४५० सुटतात. दारूचा खर्च असेल तर तो याच्या कितीतरी पट असतो, आणि तो वहीत लिहायला सुरुवात केली तरच दिसतो.

पोरांची पाकिटे: दोन लेकरे, रोज दहा-दहा रुपये, महिन्याला ६००. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, घरचे मुरमुरे ठेवले तर निम्मे वाचतात आणि पोटालाही बरे.

रिचार्ज: घरात तीन फोन आणि तिन्हीवर रोजच्या डेटाचा पॅक. म्हाताऱ्या माणसाच्या फोनला डेटा लागत नाही. आता कंपन्यांकडे फक्त बोलणे आणि एसएमएसचे पॅकही आहेत, दुकानदाराला तेच मागा. महिन्याला दोनशेच्या आसपास फरक पडतो.

किराणा आणि भाजी: उधारीने घेतले की भाव विचारायची सोय राहत नाही आणि लहान पाकिटे जास्त येतात. जुनी बाकी दुकानदाराला स्पष्ट सांगून बाजूला ठेवा: “हे आठ हजार पट्टी आली की देतो, पण आजपासून रोख.” मोरीच्या सांडपाण्यावर शेवगा, आळू, दोडका, दोन वाफे मेथी-कोथिंबीर लावली तर बाजारची निम्मी भाजी थांबते. दोन्ही मिळून पाचशे रुपये सुटतात.

सगळी बेरीज साधारण २,००० होते. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. म्हणून पहिला महिना काहीच कापू नका, फक्त रोजचा खर्च लिहा. कुठे भोक आहे ते वहीच दाखवेल.

जे कापायचे नाही

काटकसरीचा पहिला घाव बहुतेक वेळा बाईच्या ताटावर आणि म्हाताऱ्याच्या गोळ्यांवर पडतो. तिथे हात लावू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करून वाचलेले पैसे दवाखान्यात दसपट जातात. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या. म्हशीचे सगळे दूध डेअरीला घालून लेकरांना कोरा चहा देणे हीही काटकसर नव्हे.

मोठे आजारपण हे घर कर्जात बुडण्याचे एक मोठे कारण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ठराविक आजारांवर आणि योजनेतल्या रुग्णालयातच. म्हणून रेशनकार्ड आणि आधारवरची नावे आजच जुळवून ठेवा. पेशंट भरती करताना योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, बिल झाल्यावर नव्हे.

बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा जात असेल तर चालू ठेवा. कमावता माणूस गेला तर दोन लाखांचा आधार उरतो. २० रुपयांच्या विम्यात हे पैसे अपघातासाठीच असतात, हे लक्षात ठेवा. रेशनचे धान्यही सोडू नका. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला घरामागे ३५ किलो सध्या मोफत आहे.

एका रात्रीत वर्षाची काटकसर

महिन्याला दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार. वाढदिवसाचे बॅनर, डीजे आणि जेवण यात ते एका संध्याकाळी जातात. लग्नात तर मानपान, आहेर, टॉवेल-टोपी, घोडा-फटाके यांचे वेगळेच. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सावकाराकडून उचल घेतो, आणि ते लोक जेवून घरी जातात. हप्ता भरायला कुणी येत नाही.

एकट्या घराने हे मोडणे अवघड आहे, हे खरे. म्हणून भावकीत बसून ठरवा: आहेर नाही, डीजे नाही, साखरपुड्यातच लग्न, किंवा सामूहिक विवाहात लग्न. तेराव्याचे जेवण घरच्यांपुरते. दोन-तीन घरांनी सुरुवात केली की चौथ्याला सोपे जाते. आणि घरात ठरवा: कार्य करायचे तर आधी साठवून, उचल घेऊन नाही.

पैसा आला त्याच दिवशी वाटणी

शेतकऱ्याला महिन्याचा पगार नसतो. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, मजुरी आठवड्याला, पीक हंगामाला. म्हणून हप्त्याची सोय पैसे आल्या दिवशीच करायची. दुधाचा पगार आला की ठरलेले सहा-सातशे त्याच दिवशी बाजूला काढा. लाडकी बहीण योजनेचे किंवा पीएम-किसानचे पैसे ज्या घरात येतात, त्यांनी त्यातला ठरलेला भाग थेट कर्जाला लावावा.

माल विकला की क्रम असा: आधी पीक कर्ज, मग पुढच्या हंगामाचे बियाणे-खत, मग दुकानाची बाकी, मग घर. बियाण्याचे पैसे बाजूला काढले नाहीत तर जूनमध्ये कृषी केंद्रावर उधारी होते आणि ती रोखीपेक्षा महाग पडते.

तुमचे हक्क काय आहेत?

हप्ता द्यायचाच आहे, पण दबावाखाली दुसरे कर्ज काढून नाही. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेणे ही साखळी इथेच तोडा.

- मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. हे कर्ज बिनतारण असते. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे कर्ज कंपनीने द्यायचे नाही. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. तुम्हाला समजेल अशा भाषेत कर्जाचे कार्ड मिळाले पाहिजे.
- वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, घरातले सामान उचलणे चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर विचारा.
- परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे शेकडा ५ सरळसरळ बेकायदा आहे. व्याजापोटी जमिनीचे नावापुरते खरेदीखत करून घेतले असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती जमीन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्या. कर्जासाठी खरेदीखतावर सही मात्र कधीच करू नका.
- मोबाईल ॲपवरून झटपट कर्ज घेऊ नका. फोटो-नंबर घेऊन धमक्या येत असतील तर १९३० वर तक्रार करा.

महिला बचत गटातून शेकडा १ किंवा २ ने कर्ज मिळत असेल तर ते घेऊन सावकार मिटवणे फायद्याचे आहे. अट एकच: गटाचे पैसे आले त्याच दिवशी सावकाराचे खाते पूर्ण बंद झाले पाहिजे. नाहीतर एकाची दोन कर्जे होतात.

शेवटचे, पण आधी वाचावे असे

कर्ज म्हणजे लाज नाही. हप्ता चुकणार असेल तर तोंड लपवू नका, दोन दिवस आधी जाऊन सांगा. घरातला माणूस गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, ‘आता काही खरं नाही’ असे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कुठल्याही वेळी मोफत बोलता येते. दीड लाखाचे कर्ज दोन-तीन हंगामांत आणि एका वहीत फिटू शकते. माणूस गेला तर कुठल्याच वहीत तो भरून निघत नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर वही काढा आणि पहिल्या पानावर पाच ओळी लिहा: कुणाचे, किती, व्याज, तारीख, आणि यातले पहिले कुठले संपवायचे.